पिशवीतली सुई कुणाची? : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. हे पत्र मात्र आमच्या वॉर्डातल्या मामा-मावशींसाठी लिहिते आहे. लादी पुसणारे, बेडपॅन धुणारे, कचऱ्याच्या पिशव्या बांधून खाली नेणारे हे लोक आता बहुतेक ठेकेदाराकडून येतात.

आम्हा सिस्टरना सुई टोचली तर ती कोणत्या रुग्णाची हे बहुतेक वेळा ठाऊक असते, त्याचे रक्त तपासता येते. मावशींना टोचते ती पिशवीतली सुई. ती एचआयव्हीच्या रुग्णाची की कावीळ ब च्या, हे कळायला मार्ग नसतो.

गेल्या पावसाळ्यात रात्रपाळीला आमच्या एका मावशींनी पिवळी पिशवी उचलली आणि त्यांच्या मांडीत सुई घुसली. ती सुई कटरने तोडून पांढऱ्या डब्यात जायला हवी होती. पण कटर बंद होता आणि डबा गळ्यापर्यंत भरलेला. मावशींनी पदराने रक्त टिपले आणि पुढची पिशवी उचलली. मी हात धरून नळाखाली साबणाने जखम धुवायला लावली, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "सिस्टर, लिहू नका. ठेकेदार काढून टाकील." एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या कुलपात होत्या आणि किल्लीवाले घरी. पहिली गोळी मिळाली दुसऱ्या दिवशी दुपारी. ही गोळी शक्यतो दोन तासांत सुरू करायची असते, ७२ तासांनंतर तिचा उपयोग नाही, आणि पुढे २८ दिवस ती चुकवायची नसते. कावीळ ब ची लस? एकही डोस झालेला नव्हता.

साहेब, यासाठी नवा कायदा नको आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ब आणि धनुर्वाताची लस देणे, कामावर घेताना आणि नंतर वर्षातून एकदा तरी आरोग्य तपासणी करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही कामावर संसर्गाचा धोका असलेल्यांना प्रतिबंधक औषधे देण्याची जबाबदारी संस्थेवरच टाकली आहे. पगार कोण देतो, याच्याशी त्याचा संबंध नाही. तरी विचारले की उत्तर ठरलेले: "ते आमचे कर्मचारी नाहीत."

लसीची अडचण मी जवळून पाहते. तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात आणि ठेका बदलला की माणसे बदलतात. म्हणून पहिला डोस वॉर्डात पाय ठेवण्याआधी द्या आणि लसीचे कार्ड कामगाराच्या हातात द्या, म्हणजे तो दुसरीकडे गेला तरी उरलेले डोस घेता येतील. ठेकेदाराचे बिल लसीकरणाची यादी जोडल्याशिवाय मंजूर करू नका. कावीळ क वर तर लसच नाही, तिथे कटर, डबा आणि जाड हातमोजे एवढाच आधार आहे.

एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्यांचे पहिले डोस प्रत्येक रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत ठेवा, रात्रपाळीच्या सिस्टरच्या ताब्यात. आणि सुई टोचल्याची नोंद केली म्हणून कुणालाही कामावरून काढता येणार नाही, हे निविदेच्या अटींत लिहा. ही शेवटची अट आधी घाला, कारण ती नसेल तर मावशी आमच्यापर्यंत येणारच नाहीत.

लस, गोळ्या आणि निविदेतली अट, या तिन्ही गोष्टींचे लेखी आदेश जिल्हा शल्यचिकित्सकांपर्यंत जावेत, ही विनंती.

आपली,
एक परिचारिका