खारट घामाकडे दुर्लक्ष नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यातल्या बालआजारांवर आपण लिहिता, त्यात सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराची भर घालावी ही विनंती. माझ्या नातवाला तो आहे. तान्हेपणी पापा घेतला की ओठ खारट व्हायचे. घाम वाळला की कपाळावर मिठाचे बारीक पांढरे कण दिसायचे. सारखा खोकला, शी तेलकट, वजन वाढेना. न्यूमोनियाची औषधं झाली, क्षयाची शंका झाली. घाम तपासायला शेवटी पुणं गाठावं लागलं.

पेशींच्या आवरणात क्लोराइडला (मिठाच्या एका घटकाला) वाट देणारी प्रथिनं असतात. त्यातलं सीएफटीआर (त्याचं जनुक १९८९ मध्ये सापडलं) बिघडलं की फुफ्फुसातला कफ चिकट होतो, स्वादुपिंडाचे पाचक रस आतड्यात नीट पोचत नाहीत आणि घामातलं मीठ परत शोषलं जात नाही. घामात क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोल किंवा जास्त भरलं, तर निदान जवळपास पक्कं. आईवडील दोघेही धडधाकट वाहक असतात, म्हणजे दोघांकडेही या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत असते, पण आजार नसतो. प्रत्येक अपत्याला धोका चारात एक. नुसत्या सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

तासगावच्या एप्रिलातल्या उन्हात अशा मुलांच्या अंगातलं मीठ-पाणी झपाट्यानं जातं, लेकरू गळून पडतं. घामाची ही तपासणी प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात व्हावी. अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालेल्या, हेच प्रथिन सुधारणाऱ्या गोळ्यांच्या किमतीवरही आपण लिहावं. आमच्यासारख्यांना त्या परवडत नाहीत.

– एक आजी, तासगाव (जि. सांगली)