फ्लूच्या सूचना कंपन्या आणि शाळांनाही द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवी मुंबईत ऐरोली, घणसोली, रबाळे, कुठेही जा, सध्या घरटी एक जण तरी खोकतोय. सूचना रोज व्हॉट्सॲपवर फिरतायत, मास्क लावा, हात धुवा, गर्दी टाळा, ताप असेल तर घरीच थांबा. सगळं बरोबरच आहे हो, पण घरी थांबू देतंय कोण?

परवा आईला घेऊन जवळच्या दवाखान्यात गेलो. तिला शुगर आहे, वर दमा, म्हणजे ताप आला की वाट बघत बसायची सोय नाही. छोटीशी खोली, एसी चालू म्हणून खिडक्या बंद, सगळ्या खुर्च्या भरलेल्या. शेजारी सिक्युरिटीच्या युनिफॉर्ममधला एक मुलगा बसलेला, त्याचा ताप कालच उतरला होता, औषधही नको होतं, त्याला हवं होतं फक्त सर्टिफिकेट, कारण ते नसेल तर सुपरवायझर दोन दिवसांचा पगार कापतो. त्याच्या पलीकडे एक ताई लेकाला मांडीवर घेऊन, शाळेत दाखवायला डॉक्टरांची चिठ्ठी पाहिजे म्हणून. म्हणजे ज्यांनी घरी पांघरूण घेऊन पडायचं ते एका कागदापायी तासभर माझ्या आईशेजारी खोकत बसलेले, आणि यात त्यांची काहीच चूक नाही.

खरं तर २००९ च्या स्वाइन फ्लूपासून सरकारचीच ए, बी, सी अशी वर्गवारी आहे. साधा ताप, खोकला, घसा, अंगदुखी म्हणजे ए, यात टेस्ट नको, टॅमिफ्लू (फ्लूवरचं औषध) नको, घरीच राहायचं, एक-दोन दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा विचारपूस करायची. ताप खूप चढला, घसा फारच धरला, किंवा पेशंट गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, पासष्टीपुढचं माणूस, शुगर, दमा, हार्ट, किडनीवालं असेल तर बी. यांनी लगेच डॉक्टर गाठायचा, कारण टॅमिफ्लू पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तरच जास्त उपयोग होतो. आणि धाप लागणं, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त, नखं-ओठ निळे पडणं, मूल दूध न पिणं किंवा गुंगीत राहणं, हे सी, इथे दवाखाना नाही, थेट हॉस्पिटल. एवढं जरी प्रत्येक लिफ्टमध्ये मराठीत, मोठ्या अक्षरात चिकटवलं तरी निम्मी गर्दी कमी होईल. आमच्या लिफ्टमध्ये सध्या झुंबा क्लासची जाहिरात आहे.

सोसायटीच्या ग्रुपवर अझिथ्रोमायसिनच्या पाकिटाचे फोटो टाकणारे काका वेगळेच. फ्लू व्हायरसने होतो, त्याला अँटिबायोटिक काय करणार? मार्च २०२३ मध्ये एच३एन२ या फ्लूची साथ होती तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशननेही हेच सांगितलं होतं, ताप तीनेक दिवसांत जातो, खोकला तीन आठवडेसुद्धा रेंगाळतो, उगाच अँटिबायोटिक घेऊ नका.

तेव्हा महापालिकेला विनंती आहे, सूचना काढताना नुसत्या रहिवाशांसाठी काढू नका. महापे-रबाळे एमआयडीसीतल्या कंपन्या, आयटी पार्क, सिक्युरिटी एजन्सी आणि शाळा यांना लेखी कळवा की साथ आहे तोवर पहिल्या तीन-चार दिवसांच्या आजारपणाला सर्टिफिकेट मागू नका, फोन किंवा मेसेज पुरे. शंभर टक्के हजेरीची बक्षिसं या वर्षी बंद ठेवा, त्यापायी तापातलं मूल पॅरासिटामॉल देऊन बसमध्ये बसवणारे पालक मी रोज बघतो. दवाखान्यांनीही म्हातारी माणसं आणि गरोदर बायकांना आधी आत घ्यावं, निदान खिडकी तरी उघडी ठेवावी.

राहिल्या सोसायट्या. कामाला येणाऱ्या मावशींना ताप असेल तर चार दिवस भरपगारी सुट्टी द्या, असं मी आमच्या ग्रुपवर लिहिलं, त्यावर पहिला रिप्लाय आला, "मग भांडी कोण घासणार?"

आपला,
एक वाचक, ऐरोली