पाणंदींवर सरसकट काँक्रीट नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या पाणंदी, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटा, एकतर दोन्हीकडचे बांध सरकून बुजत चालल्या आहेत, नाहीतर काँक्रीटखाली जात आहेत. मुरूम घालून, चर मारून पाणंद पाणंद म्हणूनच धड ठेवता येते. ग्रामपंचायतींनी हा विचार करावा, यासाठी हे पत्र. मी सायकल चालवतो आणि घरची थोडी शेतीही आहे, त्यामुळे दोन्ही अंगांनी लिहितो आहे.

रविवारी उजाडायच्या आत सायकल घेऊन निघणारी मंडळी आता आपल्याकडे बरीच झाली आहेत. पण त्यांनी जायचे कुठे? पुणे-बंगळूर महामार्गावर मालवाहू गाड्या, चोर्ला रस्त्यावर गोव्याची वाहतूक, खानापूर रस्त्याचीही तीच गत. म्हणून गेल्या काही वर्षांत ग्रॅव्हल, म्हणजे खडी-मातीच्या वाटांवर चालणाऱ्या सायकली दिसू लागल्या. हँडल रेसिंग सायकलसारखे खाली वळलेले, पण टायर ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद, डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर. डांबरावर पळणाऱ्या सायकलीचा टायर २५ ते २८ मिलिमीटरचा असतो आणि त्यात हवा टम्म भरावी लागते. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, म्हणून तो खडीवर उसळत नाही, जमीन धरून चालतो. या सायकली महाग आहेत हे खरे. पण गावातली पोरे वर्षानुवर्षे साध्या सायकलीवरून याच वाटांनी शाळेला गेली आहेत, तेव्हा हा काही श्रीमंतांचाच विषय नव्हे.

अशा सायकलीसाठी आपल्यासारखा मुलूख शोधून सापडणार नाही. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला कोकणासारखा पाऊस कोसळतो. बेळगाव शहरात तो साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटरवर येतो आणि सौंदत्तीला पोहोचेपर्यंत त्याच्या निम्म्याच्या आसपास उरतो. एवढ्याशा अंतरात जंगल, भात, रताळी, ऊस, जोंधळा असे सगळे शिवार बदलत जाते आणि पायाखालची मातीही. पूर्वेला सांबरा, मारीहाळ, सुळेभावीकडून बैलहोंगलच्या दिशेला निघाले की काळ्या रानातल्या सपाट, लांबच लांब गाडीवाटा लागतात. दक्षिणेला शहापूर आणि येळ्ळूरचे बासमतीचे शिवार ओलांडले की राजहंसगडाचा चढ सुरू होतो. पलीकडे नंदिहळ्ळीवरून खानापूर तालुक्यात उतरता येते. आणि पश्चिमेला बेळगुंदी, बिजगर्णी, राकसकोप, तिकडे उचगाव, बेकिनकेरे, अतिवाड हा सगळा सह्याद्रीच्या पायथ्याचा पट्टा. तिथे दर दोन-तीन किलोमीटरला एक टेकाड, एक ओढा आणि एक गाव. मला स्वतःला हा पश्चिमेचा पट्टा सगळ्यांत आवडतो. रताळ्याच्या वेलांनी झाकलेल्या सरी, काजूच्या बागा, करवंदीच्या जाळ्या आणि समोर महिपाळगड-वैजनाथचा डोंगर. डोंगर महाराष्ट्रात, आपण कर्नाटकात. पाणंदीला ते ठाऊक नसते. सरकारी कामाला मात्र ठाऊक असते. चंदगड तालुक्याच्या हद्दीपर्यंत आलेला मुरूम हद्दीच्या दगडापाशी संपतो आणि पुढचा तुकडा कुणाचाच नसल्यासारखा पडून राहतो.

मातीचे थोडे सांगायला हवे, कारण रस्ता कसा करावा याचे उत्तर मातीतच आहे. काळ्या रानात पावसाची एक सर आली तरी सायकल थांबते. माती टायरला थरावर थर चढते, फ्रेमच्या फटीत जाऊन बसते आणि शेवटी चाक फिरायचेच बंद होते. मग बांधावरची काटकी घेऊन चिखल उकरत बसावे लागते. बैलगाडीचे आणि ट्रॅक्टरचेही याहून वेगळे होत नाही. उलट पश्चिमेच्या तांबड्या, जांभ्याच्या जमिनीतून पाणी लगेच निचरते. पाऊस थांबल्यावर थोड्याच वेळात वाट चालू होते. तिथे त्रास वेगळा, उतारावर जांभ्याचे वाटोळे खडे चाकाखालून निसटतात. म्हणजे काळ्या रानात मुरमाचा जाड थर आणि उंच भराव लागणार, तांबड्या रानात नुसते पाणी वळवले आणि रोलर फिरवला तरी काम भागणार. पण अंदाजपत्रक मात्र सगळीकडे एकच: काँक्रीट.

आमच्या जवळच्या शिवारात अलीकडे एका पाणंदीवर काँक्रीट पडले. पाणंद मुळात शेतापेक्षा थोडी खोल होती, तिच्यातूनच वरच्या रानाचे पाणी ओढ्याला जायचे. स्लॅब शेताच्या वर वीतभर उंच आला, बाजूला चर नाही, मोरी नाही. पहिल्याच पावसाळ्यात वरच्या अंगाच्या भातात पाणी तुंबले आणि खालच्या अंगाला बांध फुटला. स्लॅबच्या कडेची माती वाहून गेली, आता समोरून ट्रॅक्टर आला तर बैलगाडीचे एक चाक खाली उतरते आणि पुन्हा वर चढत नाही. पैसे संपले तिथे काँक्रीटही संपले. त्या टोकाला स्लॅबवरचे सगळे पाणी पडून गुडघाभर खड्डा झाला आहे. पुढचा निम्मा रस्ता जसा होता तसाच आहे, किंबहुना अधिक वाईट. मध्ये उंच, दोन्हीकडे उतार, बाजूने चर, ओढ्यावर मोरी आणि पाणी मारून दाबलेला मुरूम, एवढे केले असते तर त्याच पैशात ती पाणंद ओढ्यापर्यंत पुरती झाली असती.

शेतकऱ्याला बारमाही रस्ता हवा आणि तो मिळालाच पाहिजे. ऊस बाहेर काढायचा, भाजी पहाटे बेळगावच्या मार्केटला पोहोचवायची, आजारी माणसाला मळ्यातून न्यायचे, या गरजा सायकलस्वारांच्या हौसेच्या कितीतरी वर आहेत. तीव्र चढावर आणि ओढ्याच्या उताराला काँक्रीट घालायलाच हवे. माझे म्हणणे ‘सरसकट’ या शब्दाला आहे. मुरमाचा रस्ता दरवर्षी दसऱ्यानंतर डागडुजी मागतो, हेही मान्य. पण ती डागडुजी गावातल्या माणसांच्या हातून, उद्योग खात्रीच्या, म्हणजे रोजगार हमीच्या, कामातून होऊ शकते आणि मजुरी गावातच राहते.

इटलीतल्या टस्कनी प्रांतात हाच प्रश्न आपल्याआधी उभा राहिला होता. तिथल्या द्राक्षमळ्यांतून आणि टेकड्यांतून पांढऱ्या खडीचे रस्ते जातात. ते एकेक करून डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा ते वाचावेत म्हणून गायोले या छोट्या गावात १९९७ साली जुन्या सायकलींची एक फेरी सुरू झाली. पुढे २००७ पासून त्याच रस्त्यांवर व्यावसायिक सायकलपटूंची मोठी शर्यत भरू लागली आणि जगभरातले लोक त्या खडीसाठी तिकडे जाऊ लागले. तिथे आज २०० किलोमीटरहून लांब मार्गावर कायमच्या पाट्या आहेत आणि शेतकऱ्यांचे ट्रॅक्टरही त्याच रस्त्यांवरून चालतात. आपल्याकडे कुणी शर्यत भरवावी असे मी म्हणत नाही. पण शनिवार-रविवारी येणारा सायकलस्वार राजहंसगडाच्या पायथ्याला, नंदगडला, हलशीच्या कदंबकालीन देवळापाशी चहा पितो, जेवतो, कधी काजू आणि रताळी घेऊन जातो. गावाला मिळणारा हा पैसा आज थोडा आहे. वाटा धड राहिल्या, तर तो वाढेल.

सायकलस्वार मित्रांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण तक्रारी येतात आणि त्या रास्त असतात. पाणंद सार्वजनिक असली तरी बांध खासगी आहे. चिखल चुकवायला म्हणून कुणाच्या उभ्या पिकात सायकल घालू नका. सुगीच्या दिवसांत वाटेवर भात वाळत घातलेले असते, तिथे उतरून सायकल हातात धरा. बैल बुजतात, मागून येताना आधी आवाज द्या. पावसाळ्यात काळ्या रानात जाऊच नका, तुमच्या चाकाची चाकोरी पुढे पाण्याचा ओहोळ होते. आणि भीमगड अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. २०११ साली जाहीर झालेले हे जंगल सुमारे १९० चौरस किलोमीटरचे आहे. खानापूरच्या त्या अंगाला अस्वले आणि हत्ती आहेत आणि तिथल्या गावकऱ्यांना जीव मुठीत धरून चालावे लागते. ती वाट आपल्या हौसेसाठी नाही.

ग्रामपंचायतींकडे माझे मागणे मोठे नाही. महसूल खात्याच्या गावनकाशावर गाडीवाटा आणि पायवाटा दाखवलेल्या असतात. तो नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावावा, म्हणजे कुठली पाणंद कुठे बुजली हे गावालाच दिसेल. मोजणी करून तिची मूळ रुंदी मोकळी करावी. काम धरताना काँक्रीट कुठे आणि मुरूम कुठे, हे त्या शिवारातल्या शेतकऱ्यांना बांधावर नेऊन ठरवावे. फाट्यांवर गावाचे नाव आणि अंतर सांगणारे दगड बसवावेत, मराठी आणि कन्नड दोन्हींत. आणि जिथे वाट चंदगड तालुक्यात शिरते, तिथल्या दोन्हीकडच्या पंचायतींनी एकदा एकत्र बसून तो हद्दीवरचा तुकडा वाटून घ्यावा. अर्धा तुम्ही, अर्धा आम्ही.

पुढच्या वर्षीच्या कामांच्या याद्या ग्रामसभेत वाचल्या जातील, तेव्हा वाचकांनी आपापल्या गावात हजर राहून आपल्या पाणंदीचे नाव आणि तिच्यापुढे लिहिलेले काम, दोन्ही विचारावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक
शहापूर, बेळगाव