गाठ दिसतेय, मग ऑपरेशन का नाही?

प्रिय संज्या,

परवा फोनवर तुझ्या वहिनीच्या मेंदूखालच्या गाठीवरून तू तडकलास, "गाठ दिसतेय ना, मग ऑपरेशन करायला काय धाड भरलीय डॉक्टरांना?" तेव्हा मी घाईत होतो. आज नीट सांगतो.

तिचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरातच बनणारं स्टिरॉइड संप्रेरक, वाढलंय, हे आता पक्कं झालंय. ते ठरायलाच किती दिवस गेले! शुगर, बीपी, सुटलेलं पोट, सुजल्यासारखा चेहरा. हे तर आमच्या निम्म्या सोसायटीत सापडेल. पण खाली बसली की तिला धरल्याशिवाय उठता येईना, आणि जरा कुठे आपटलं की काळंनिळं. नव्या डॉक्टरबाईंनी नेमकं तेच विचारलं. मग आमची उलटतपासणी: दम्याचा पंप? गोरेपणाचं मलम? गुडघेदुखीची पुडी? या आजाराला कुशिंग म्हणतात, त्याच्या बहुतेक केसेस बाहेरून अंगात गेलेल्या स्टिरॉइडच्याच असतात, आणि पुडीवर ते छापलेलं थोडंच असतं. आमच्याकडे तसलं काही निघालं नाही. मग रात्री 11 ला डेक्साची (हेही एक स्टिरॉइडच) 1 मिलिग्रॅमची गोळी आणि सकाळी 8 ला रक्त. एरवी कॉर्टिसॉल 1.8 च्या खाली दबतं, हिचं दबेना. शिवाय चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये. एकाच तपासणीवर विसंबत नाहीत, कारण नैराश्य, दारू, बेफाम शुगर यांनीही कॉर्टिसॉल चढतं, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डेक्साचा रिपोर्ट फसवा येतो.

आता प्रश्न, हे येतंय कुठून? कॉर्टिसॉल बनतं मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत, पण एसीटीएच नावाचं संप्रेरक पाठवून ते बनवायला लावते मेंदूखालची पिट्युटरी. हे एसीटीएच भलतंच नाजूक. रक्ताची जांभळ्या टोपणाची नळी बर्फात खुपसून वॉर्डबॉय लॅबकडे अक्षरशः पळाला. आकडा अगदी तळाला असता तर दोष अ‍ॅड्रिनलचा. हिचा चढा आला. म्हणजे पिट्युटरी, नाहीतर फुफ्फुसात वगैरे दडून एसीटीएच सोडणारी एखादी बारकी गाठ.

खरी मेख इथे आहे. एमआरआयमध्ये दिसलेली 4 मिलिमीटरची गाठच गुन्हेगार, असं छातीठोकपणे कुणी सांगत नाही. काही त्रास नसलेल्या दहा जणांत एकाच्या पिट्युटरीत असा ठिपका सापडतो. आणि खरोखर पिट्युटरीचाच दोष असला, तरी कितीतरी वेळा एमआरआय कोरा येतो. म्हणून आयपीएसएस नावाची तपासणी. जांघेतल्या शिरांतून बारीक नळ्या वर नेऊन पिट्युटरीच्या दोन्ही बाजूंचं रक्त घ्यायचं, त्याच वेळी हाताचंही. तिथलं एसीटीएच हाताच्या दुप्पट, किंवा पिट्युटरीला डिवचणाऱ्या इंजेक्शननंतर तिप्पट भरलं, तर दोष पिट्युटरीचाच. मात्र गाठ डावीकडे की उजवीकडे, हे त्यातूनही खात्रीनं कळत नाही म्हणे!

ही तपासणी मोजक्याच ठिकाणी होते, म्हणून पुढच्या आठवड्यात मुंबईला येतोय. उशिरानं मीही वैतागतो, पण नाकातून पिट्युटरी कोरून काढायची आणि नंतर गाठ फुफ्फुसात निघायची, त्यापेक्षा हे बरं.

तू भेटायला येशीलच. पेढे आणू नकोस, शुगर अजून 280 च्या खाली उतरत नाहीये.

तुझा,
बाळ्या