ई-रीडरवर मराठी नीट उमटवणाऱ्या काकांना

ती. काकांस,
सा. न.

तुमचं नाव कुठेही छापायचं नाही, असं तुम्ही बजावलं आहे. ते मी पाळते. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिणार. ई-रीडर, म्हणजे पडद्यावर पुस्तकं वाचायची यंत्रं, पाठवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचे सत्कार झाले, त्यांची नावं शाळेच्या फळ्यावर लागली आणि ते योग्यच झालं. पण ती यंत्रं मराठी मुलांना वाचण्याजोगी कोणी केली, हे गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं जुळवणाऱ्या तुमच्या जयसिंगपुरातल्या दुकानात रात्री शटर अर्धं ओढल्यावर काय काम चालायचं, ते सर्वांना कळायला हवं.

ऑगस्ट 2019 च्या पुरात शिरोळ तालुक्यातल्या किती शाळांची ग्रंथालयं गेली, ते तुम्ही पाहिलंच आहे. आमचं ग्रंथालय तळमजल्यावर होतं. पाणी उतरल्यावर कपाटं उघडली, तर पुस्तकं फुगून एकमेकांत अडकली होती. ओढून काढावी तर हातात लगदा येत होता. जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा आलं, तोवर जमवलेली पुस्तकं वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली. त्याच सुमारास पुण्यातल्या आणि परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांनी आपले वापरलेले ई-रीडर शाळेला पाठवायचं ठरवलं. साधारण दोन डझन यंत्रं आली. निरनिराळ्या कंपन्यांची, निरनिराळ्या वर्षांची. मुलं सगळ्यांना सरसकट किंडलच म्हणतात.

यंत्रं आली खरी, पण त्यांत मराठी नव्हतं. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे यायला लागली ती 2016 च्या अखेरीस. आमच्याकडची काही यंत्रं त्याच्या बरीच आधीची. त्यांवर वेलांटी एका जागी आणि अक्षर दुसऱ्या जागी, जोडाक्षरांचे तुकडे झालेले. सहावीतल्या मुलाने ते का वाचावं? मिळतील त्या पीडीएफ घालून पाहिल्या, तर ए-फोर आकाराचं पान सहा इंची पडद्यावर मुंगीएवढं दिसायचं. मोठं करावं तर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवावं लागायचं. संगणक जाणणारे बरेच जण बघून गेले. त्यांनी इंग्रजी पुस्तकं भरून द्यायची तयारी दाखवली. मनापासूनच दाखवली, पण आमच्या मुलांना हवं होतं ते मराठी.

तुम्ही यंत्र हातात घेतलंत, खिशातली पट्टी काढलीत आणि पडदा मोजलात. नऊ सेंटिमीटर बाय बारा. म्हणालात, "हे पान छोटं आहे एवढंच. पान छोटं असलं तर मजकूर त्या मापाचा जुळवायचा." आयुष्यभर पानं जुळवलेल्या माणसालाच हे सुचावं. जुन्या यंत्रांसाठी तुम्ही त्याच मापाची पानं केलीत आणि अक्षरं ठसठशीत ठेवलीत. फाँट फाइलमध्येच बसवून दिलात, म्हणजे यंत्राला देवनागरी येवो न येवो, पानावर ती शाबूत उमटते. नव्या यंत्रांसाठी तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणून ईपब केलंत, म्हणजे अक्षर लहान-मोठं करता येतं. फाँट म्हणून तुम्ही मुक्त परवान्याचा 'मुक्त' निवडलात. तो मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला आहे, हेही मला तुमच्याकडूनच कळलं.

सगळ्यात किचकट काम होतं जुन्या फाइलींचं. आपल्या भागातल्या दोन लेखकांनी त्यांची मुलांसाठीची पुस्तकं शाळेला मोफत वापरू दिली, पण त्या फाइली श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधल्या. उघडल्या की पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा सडा. परिवर्तकातून काढल्या तरी रफार भलत्या अक्षरावर, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', 'ॲ' गायब. तुम्ही ओळ न् ओळ तपासलीत. मी म्हटलं होतं, मुलं समजून घेतील. त्यावर तुम्ही म्हणालात, "पोरं छापलेलं खरं मानतात, बाई. आपण चुकीचं दिलं तर ती चुकीचंच शिकणार." नंतर आठवी-नववीच्या मुलांना तुम्ही मुद्रितशोधनाच्या खुणा शिकवल्यात. आता वाचताना चूक सापडली की मुलं पुस्तकाचं नाव आणि ते वाक्य वहीत लिहून ठेवतात.

आणखी एका गोष्टीसाठी मी तुमची कायमची ऋणी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफ तुम्ही यंत्रात घालू दिल्या नाहीत. शेकडो पुस्तकं एका रात्रीत मिळत होती आणि पालकांपैकी काहींचा आग्रहही होता. तुम्ही शांतपणे कायदा समजावलात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे राहतात आणि ती मोजायची मृत्यूच्या पुढच्या 1 जानेवारीपासून. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन 2011 पासून सर्वांना खुलं. चि. वि. जोशी 1963 मध्ये गेले, ते 2024 पासून खुले. शिवाय मराठी विकिस्रोत या मोफत संकेतस्थळावरची पुस्तकं आहेत आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या खुल्या परवान्याच्या मराठी गोष्टी आहेत. एवढ्यावर आमचं काम छान चाललं आहे. पुस्तकं करून जगणाऱ्या माणसाने पुस्तक करणाऱ्यांचा हक्क राखला, आणि तो मुलांसमोर राखला, याचं मोल मला फार वाटतं.

यंत्रं शाळेतच ठेवावीत, तासाला वाटावीत आणि तास संपला की कुलपात घालावीत, असं बहुतेकांचं मत होतं. शाळांना मिळालेले टॅब असेच कुलपात जुने होताना मी पाहिले आहेत. तुम्ही म्हणालात, घरी न्यायला देणार नसाल तर मी एकही पान जुळवणार नाही. त्या एका वाक्यावर योजना उभी राहिली. पालकांच्या सभेत तुम्ही ई-रीडर भर उन्हात धरून दाखवलात. आत शाईचे सूक्ष्म कण असतात, काळे आणि पांढरे, विजेने ते वर-खाली होतात आणि पान उलटतानाच काय ती वीज लागते, हे इतक्या सोप्या शब्दांत सांगितलंत की "हा मोबाइलच ना?" हा प्रश्न पुन्हा आला नाही. व्हिडिओ नाही, गेम नाही, एकदा चार्ज केलं की कितीतरी दिवस चालतं. वीज जाणाऱ्या गावात ही केवढी सोय!

अनामत रक्कम घ्यायला तुम्ही विरोध केलात. ज्याच्याकडे पैसे नाहीत तोच मागे राहील, म्हणालात. म्हणून आम्ही फक्त पालकांच्या सहीचं हमीपत्र घेतो. शनिवारी सकाळच्या शाळेत यंत्रं परत येतात, चार्ज होतात, रजिस्टरात नोंद होते आणि पुढच्या मुलाकडे जातात. देणगीदारांची खाती आधी काढून टाकली, नाहीतर मुलाच्या बोटाने पुस्तक विकत घेतलं जायचं आणि पैसे त्यांच्या कार्डातून जायचे. यंत्रातल्या पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानाला पिनचं कुलूप आहे, वाय-फाय बंद असतं. पुस्तकं संगणकावरून वायरीने भरतो, कॅलिबर या मोफत सॉफ्टवेअरने. ते कोविद गोयल या भारतीय माणसाने 2006 मध्ये लिहायला घेतलं, हे कळल्यापासून दहावीची दोन मुलं प्रोग्रामिंग शिकायचं म्हणताहेत. दप्तरात दाबून पडदा फुटतो, हा ई-रीडरचा सगळ्यात मोठा धोका. त्यावरही उपाय तुमच्या दुकानातूनच आला. बाइंडिंगच्या उरलेल्या पुठ्ठ्यांवर कापड चढवून तुम्ही प्रत्येक यंत्राला पाकीट करून दिलंत.

ऊसतोडीच्या मुलांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. हंगाम सुरू झाला की बीडकडची कुटुंबं येतात, फडाजवळ कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात आणि त्यातली काही मुलं तेवढ्या महिन्यांपुरती आमच्या वर्गात बसतात. त्यांना यंत्र द्यावं का, यावर स्टाफरूममध्ये वाद झाला. टोळी एका रात्रीत उठून दुसऱ्या फडाला जाते, मग यंत्र कुठे शोधायचं? तुम्ही स्वतः कोपीवर गेलात, आई-वडिलांशी बोललात आणि हमीपत्र वाचून दाखवून अंगठा घेतलात. त्या मुलांची यंत्रं इतरांसारखीच शनिवारी परत येतात. धाकट्या भावंडांना सांभाळत घरी थांबलेल्या सातवीतल्या मुलीने आईला दुपारी गोष्ट वाचून दाखवली. ती आई दुसऱ्या दिवशी शाळेत विचारायला आली, पुढचा भाग कधी मिळणार? शाळेत पालक तक्रारीसाठी येतात, दाखल्यासाठी येतात. गोष्टीसाठी आलेल्या त्या पहिल्याच. काका, ती गोष्ट तुम्ही श्रीलिपीतून सोडवलेल्या फाइलींतली होती.

आता कामाचं. शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेलाही हे सुरू करायचं आहे. तुमच्या सांगण्यावरून पानाचं माप, फाँट आणि खुल्या पुस्तकांच्या फाइली त्यांना दिल्या आहेत. लेखकांनी फक्त आपल्या शाळेपुरती दिलेली पुस्तकं दिलेली नाहीत, त्यासाठी त्या शाळेने लेखकांना वेगळं पत्र लिहिलं आहे. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमात मुलांना तुमच्याकडून पान जुळवायला शिकायचं आहे. सत्कार नाही, हार नाही, शब्द देते. संगणक आम्ही मांडून ठेवू, तुम्ही फक्त या. मुलांनी नोंदवलेल्या चुकांची वही सोबत पाठवली आहे. तिच्यातल्या शेवटच्या दोन पानांवर नववीतल्या मुलीने रफाराच्या काही शंका काढल्या आहेत, त्यांची उत्तरं तिला तुमच्याच हस्ताक्षरात हवी आहेत.

काकूंना नमस्कार. रात्रीची जेवणं आमच्यामुळे किती वेळा थंड झाली, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. त्यांचेही आभार.

आपली,
ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाई