माझ्या मुलीच्या एका वर्षाची किंमत आपण किती धरली आहे?

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

विषय : दुर्मिळ आजारांच्या उपचारांसाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीवरील, एका रुग्णामागे 50 लाखांची मर्यादा.

गेल्या आठवड्यात मुलीच्या उपचार केंद्राचं पत्र आलं. तिच्या नावावरचे 50 लाख रुपये संपले, यापुढे औषध मिळणार नाही, पालकांनी पर्यायी व्यवस्था करावी, असा मजकूर. दिवाळीच्या आधी एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आम्हा काही पालकांना समोर बसवून शब्द दिला होता की चालू उपचार मध्येच तुटू देणार नाही. म्हणून त्यांनाच फोन लावला. ते चिडले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, “तुमचं दुःख कळतं हो, पण एका पेशंटच्या वर्षभराच्या औषधात अख्ख्या तालुक्यातल्या पोरांचं लसीकरण होतं. सरकारला सगळ्यांचं बघावं लागतं.”

त्या वाक्याला उत्तर म्हणून हे पत्र आहे. ते आपल्याला लिहितोय, कारण ते वाक्य मुळात त्या साहेबांचं नाही. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणातच त्याचं मूळ आहे. साधनं मर्यादित आहेत, तेव्हा ठरावीक रकमेत जास्तीत जास्त निरोगी आयुष्यवर्षं मिळवून देणाऱ्या उपचारांना पाठबळ देणं योग्य, असा त्यातला आशय आहे. सोबत समन्यायाचाही उल्लेख आहे. पण निर्णयाची वेळ आली की समन्याय मागे राहतो आणि भागाकार पुढे येतो.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला गौशे आजार आहे. शरीरात एक एन्झाइम कमी पडतं, म्हणून एक स्निग्ध पदार्थ मोडला न जाता पानथरीत, यकृतात, हाडांच्या मगजात साचत जातो. औषध सुरू होण्याआधी तिचं पोट इतकं वाढलं होतं की शाळेच्या स्कर्टचा हूक लागत नसे. प्लेटलेट्स घसरायच्या, नाकातून रक्त यायचं. रात्री मांडीचं हाड दुखायला लागलं की ही पोरगी रडायची नाही, धाकटा भाऊ उठेल म्हणून चादर दातांत धरायची. सकाळी त्या चादरीवर दातांच्या खुणा दिसायच्या. आपल्या फाइलमध्ये हा आजार तिसऱ्या गटात आहे : उपचार आहे, पण महाग आणि आयुष्यभराचा.

औषध दर पंधरा दिवसांनी शिरेतून द्यावं लागतं आणि त्याचा डोस वजनावर ठरतो. किलोमागे 60 युनिट, एक कुपी 400 युनिटची. मूल 20 किलोचं असेल तर बरोबर तीन कुप्या. एकविसावा किलो चढला की चौथी कुपी फोडावी लागते. औषध लागू पडलं, पोट उतरलं, पोरगी दोन वेळा पोटभर जेवायला लागली, हातापायांवर मांस धरलं. प्रत्येक वेळी वजनकाट्यावर ती उभी राहायची तेव्हा तिची आई हसायची आणि मी मनात कुप्या मोजायचो. पोर जितकी सुधारेल तितके तिचे 50 लाख लवकर संपणार! अशी मर्यादा ठरवणाऱ्याने एकदा तरी त्या काट्यासमोर उभं राहून काट्याकडे बघितलं होतं का?

मी गावच्या विकास सोसायटीत सचिव आहे. माझा जन्म खतावणी आणि ताळेबंदात गेला, तेव्हा ‘तुम्हाला हिशेब कळत नाही, तुम्ही भावनेने बोलता’ हे मला ऐकवू नये. मी हिशेबच मागतोय.

‘पुष्कळांचं पुष्कळ सुख’ हे योग्य-अयोग्याचं माप इंग्लंडच्या जेरेमी बेंथमने 1776 साली मांडलं. त्यात थोर असं काही होतंच. राजाचं सुख आणि मोलकरणीचं सुख एकाच मापाने मोजा, प्रत्येकाला एकच धरा, कुणालाही एकापेक्षा जास्त धरू नका, ही त्यामागची धारणा. त्या काळातल्या सरदार-उमरावांना हे ऐकून घाम फुटला असेल. लस, सांडपाण्याची गटारं, स्वच्छ पाणी यांवर सरकारने खर्च करावा, हे याच विचाराने पटवून देता येतं, आणि त्याला माझा विरोध नाही. माझ्या धाकट्याला सगळ्या लसी सरकारी दवाखान्यातच टोचल्या.

पण आपल्याच माणसाने या मापातली खोट शंभर वर्षांपूर्वी दाखवून ठेवली आहे. लोकमान्यांनी गीतारहस्यात सरळ विचारलं : पांडवांचं सैन्य सात अक्षौहिणी, कौरवांचं अकरा. मग पांडव हरले असते तर जास्त लोक सुखी झाले असते, म्हणून पांडवांचा पक्ष अन्यायाचा ठरतो काय? मंडालेच्या तुरुंगात बसून लिहिलेला हा प्रश्न आहे, आणि तुमच्या धोरणाकडे आजही त्याला उत्तर नाही.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने तर हे माप खरोखर लावून पाहिलं. सरकारी पैशातून कुठले उपचार द्यायचे याची 1990 मध्ये तिथे खर्च आणि फायदा यांच्या गणितावर क्रमवारी लावली. पहिल्या यादीत दातांना कॅप बसवण्याचा क्रम अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेच्या वर आला! कारण उघड आहे. दाताचं काम स्वस्त, माणसं पुष्कळ, प्रत्येकाला थोडा थोडा आराम. बेरीज केली की तो थोडा आराम एका मरणाऱ्या माणसापेक्षा जड भरतो. लोकांनी यादी वाचून डोक्याला हात लावला आणि सरकारला ती बदलावी लागली. बेरजेत चूक नव्हती. बेरीज करताना माणूस कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हेच पुसलं गेलं होतं. दहा हजार मुलांचा एकेक दिवसाचा ताप एकत्र केला तरी त्यातून एक मृत्यू तयार होत नाही. ताप प्रत्येकाला वेगळा येतो आणि उतरतो. माझी मुलगी मात्र संपूर्ण जाते.

पण समजा, तुमचंच माप मान्य. तरी तुम्ही मांडलेलं गणित खोटं आहे, आणि सचिव म्हणून माझा खरा आक्षेप इथेच आहे. या भागाकारात औषधाची किंमत तुम्ही कायमची धरता आणि मुलाला बदलतं धरता. किंमत दगडावरची रेघ, मूल गाळता येतं. सोसायटीत मी असा हिशेब लिहिला असता तर ऑडिटरने त्याच दिवशी शेरा मारला असता.

किंमत बदलते, आणि सरकारने मनात आणलं की बदलते. मार्च 2012 मध्ये याच देशाने कर्करोगाच्या नेक्सावार या औषधासाठी सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंट असूनही दुसऱ्या कंपनीला ते बनवू दिलं. महिन्याचा 2 लाख 80 हजारांच्या घरातला खर्च 8,800 वर आला. त्यानंतर तसा दुसरा परवाना या देशात निघालेला नाही. स्नायू झिजवणाऱ्या एसएमए आजारावरचं रिसडिप्लाम बघा. एका बाटलीला सहा लाखांच्या वर. 2025 मध्ये पेटंटच्या वादात न्यायालयाने भारतीय कंपनीला रोखायला नकार दिला आणि तिने तेच औषध 15,900 रुपयांना आणलं. म्हणजे सहा लाखांच्या भावाने जी मुलं ‘परवडत नव्हती’, तीच मुलं, त्यांचा तोच आजार, एका निकालानंतर परवडू लागली. त्या आधीच्या वर्षांत ज्यांना परवडत नाही म्हणून परत पाठवलं, त्यांच्या आईबापांना आता काय सांगायचं? त्यांचा जीव महाग होता की कंपनीचा भाव?

सगळ्यांच्या भल्याचं बोलायचं तर पूर्ण बोला. देशातल्या सगळ्या रुग्णांसाठी एकत्र खरेदी करून भाव पाडणं हे कुणाच्या हातात आहे? पेटंट असलं तरी सरकारला औषध बनवून घेता येतं, ही पेटंट कायद्यातली सरकारी वापराची तरतूद कुणी वापरायची, माझ्यासारख्या सोसायटीच्या सचिवाने? तिथे सरकारचा हात आखडतो, आणि भागाकार फक्त आमच्या पोरांवर चालतो.

पैशाचंही बोलू. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये दुर्मिळ आजारांसाठी राष्ट्रीय निधी उभारायला सांगितलं, दोन आर्थिक वर्षांसाठी 974 कोटी. वर्षाला 487 कोटी धरा. आपल्या खात्याचं 2025-26 चं अंदाजपत्रक जवळपास 1 लाख कोटींचं. म्हणजे शंभर रुपयांतले पन्नास पैसेसुद्धा नाहीत. एवढ्याने कुठल्या तालुक्याचं लसीकरण बंद पडणार होतं, ते दाखवा. लस आणि माझी मुलगी यांना समोरासमोर उभं कुणी केलं? आम्ही नाही. आम्ही कधी म्हटलं की पोलिओचे पैसे काढून आम्हाला द्या?

केरळ उच्च न्यायालयाने एका रुग्णाला 50 लाखांपलीकडे औषध द्यायला सांगितलं, तर आपलं सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2025 मध्ये त्या आदेशाला स्थगिती मिळवली. एका रुग्णाविरुद्ध भारत सरकार. वकिलांची फौज उभी करताना ‘ठरावीक पैशात किती आयुष्यवर्षं’ हा हिशेब कुणी केला होता का?

आणि हा काटकसरीचा कायदा सगळ्यांना लागू असता तर मी गप्प बसलो असतो. 2014-15 पासूनच्या दहा वर्षांत बँकांनी 16 लाख कोटींहून जास्त कर्ज निर्लेखित केलं, हा आकडा सरकारनेच संसदेत दिला आहे. वसुली चालूच असते, असं त्यावर सांगतात. असेलही. आमच्या सोसायटीत 40 हजारांच्या थकबाकीसाठी माणसाच्या दारात जावं लागतं, त्याच्या म्हाताऱ्या आईसमोर नोटीस वाचावी लागते. ते काम मी केलं आहे. बड्यांच्या हिशेबात कसर चालते, सवलत चालते, मुदतवाढ चालते, ‘देशाच्या हिताचा व्यापक विचार’ चालतो. गरिबाचं पोर समोर आलं की एकदम शिस्त, एकदम तत्त्वज्ञान. सगळ्यांचं भलं म्हणून ज्याची जमीन जाते तोही तोच, ज्याचं औषध थांबतं तोही तोच. ‘सगळे’ म्हणजे नेमके कोण, हे मला अजून एकाही कार्यालयात कुणी सांगितलेलं नाही. मोजणाऱ्यांत आम्ही कधी नसतो, वजाबाकीत मात्र हमखास असतो.

हेच सरकार एकाची किंमत जाणत नाही असं नाही. गीरच्या जंगलात बाणेज इथे एका मतदारासाठी स्वतंत्र मतदान केंद्र लावतात. कर्मचारी, यंत्र, बंदोबस्त, जंगलातला प्रवास, सगळं एका मतासाठी. ही उधळपट्टी आहे असं मी कधी कुणाला म्हणताना ऐकलं नाही, आणि म्हणूही नये. 2006 मध्ये कुरुक्षेत्राजवळ पाच वर्षांचं मूल बोअरवेलमध्ये पडलं तेव्हा लष्कराने दोन दिवस खणून त्याला बाहेर काढलं, सारा देश टीव्हीसमोर बसून होता. तेवढ्या खर्चात किती मुलांना जुलाबाचं औषध मिळालं असतं, हे त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून विचारायची कुणाची छाती झाली असती? माझी मुलगी खड्ड्यात पडलेली नाही, तिच्यावर कॅमेरा नाही, एवढाच फरक आहे.

ज्या इंग्लंडमध्ये हे माप जन्मलं आणि जिथे आयुष्यवर्षाला पौंडांत मर्यादा लावून औषधं मंजूर होतात, तिथेही अतिदुर्मिळ आजारांसाठी वेगळी, कितीतरी वरची मर्यादा ठेवली आहे. त्यांना उमगलं की थोड्यांचा आजार असला की औषध महागच पडतं, आणि थोडे असणं हा त्या रुग्णांचा गुन्हा नाही. आपण त्यांचा काटा आणला, त्यांची ही माणुसकी तिथेच ठेवली.

माझ्या मुलीचं औषध पुढच्या तारखेला सुरू राहील असा आदेश काढा. 50 लाखांची मर्यादा आयुष्यभराच्या आजारांना लावू नका. वजन वाढलं म्हणून कोणत्याही मुलाचा निधी आटू नये. भाव पाडण्यासाठी कंपन्यांशी देशाच्या वतीने बोला, आणि न ऐकल्यास कायदा वापरा. क्राउडफंडिंगचं, म्हणजे लोकांकडून देणग्या मागायचं सरकारी पोर्टल दाखवून आम्हाला वाटेला लावू नका. सरकारने हात पसरायचा तर तो आमच्या पोरांचे फोटो पुढे करून नको.

आणखी एक मागणी आहे, ती या सगळ्यांपेक्षा सोपी आहे. ठरावीक पैशात जास्त आयुष्यवर्षं, असं धोरणात लिहिलं आहे, म्हणजे कुठेतरी कुणीतरी आकडेमोड केली असणार. 60 नाही, 40 नाही, 50 च लाख का? त्यात नऊ वर्षांच्या मुलीचं शाळेत गेलेलं एक वर्ष किती रुपयांचं धरलं आहे? वेदनेशिवाय झोपलेल्या रात्री त्यात धरल्या आहेत का? तिच्या आईची, भावाची वर्षं कुठल्या रकान्यात आहेत? औषधाचा भाव कुठल्या तारखेचा घेतला? तो कागद, खाली सही करणाऱ्याच्या नाव-हुद्द्यासह, मला पोस्टाने पाठवा. माहिती अधिकाराचा अर्ज आणि दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर सोबत जोडली आहे.

आपला,
एका नऊ वर्षांच्या मुलीचा बाप
जि. सांगली