पाककृतीखाली दोन ओळी वाढवा

मा. संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीतलं पाककृतींचं पान मी हातात पेन्सील घेऊन वाचते. माझ्या थोरल्या मुलीला दूध आणि अंडं चालत नाही. धाकट्याला काजू, पिस्ते, शेंगदाणे आणि तीळ चालत नाहीत. नवऱ्याला सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार, असल्यामुळे गहू बंद. ती ॲलर्जी नव्हे, आजारच वेगळा, पण ओटा सगळ्यांचा एकच. चौघांनी एकत्र बसून एकच जेवण जेवावं हा माझा हट्ट आहे. मुलांना वेगळं ताट वाढलं की ती जेवणालाच घाबरायला लागतात, हे मी जवळून पाहते आहे. म्हणून आपल्याकडे मागणी अशी की, प्रत्येक पाककृतीखाली दोन ओळी वाढवा. पहिलीत त्या पदार्थात ॲलर्जी होऊ शकणारे घटक कोणते ते, आणि दुसरीत त्यातला प्रत्येक घटक तिथे नेमकं काय काम करतो ते.

दुसरी ओळ मला पहिलीपेक्षा जास्त हवी आहे. 'दूध चालत नसेल तर काजूचं दूध वापरा' असं बिनदिक्कत छापलं जातं. त्याने थोरलीचं भागतं आणि धाकट्याच्या जिवावर बेततं. काजू आणि पिस्त्यातली प्रथिनं एकमेकांशी मिळतीजुळती असल्यामुळे एकाची ॲलर्जी असली की बहुतेकदा दुसऱ्याचीही असते, तेव्हा काजूच्या जागी पिस्ता हाही उपाय नाही. एकाचा पर्याय दुसऱ्याचं विष, अशा घरात पर्यायांची यादी फार कामाला येत नाही. ते दूध सूपला दाटपणा आणण्यासाठी आहे की नुसतं पातळ करण्यासाठी, एवढं कळलं तर पुढचं मी बघते. दाटपणा हवा असेल तर उकडलेला बटाटा घोटून घालता येतो, आणि तो आमच्या घरात सगळ्यांना चालतो.

केकमधल्या अंड्याचंच बघा. अंडं पीठ बांधून ठेवतं, हवा धरून केक फुलवतं आणि ओलावाही देतं. भिजवलेल्या जवसाच्या पुडीचा चिकट गोळा बांधायचं काम चोख करतो, पण त्याने केक फुलत नाही. फुलायला खायचा सोडा आणि व्हिनेगर लागतं, नाहीतर काबुली चणे शिजवलेलं पाणी फेस येईपर्यंत घुसळावं लागतं. (शेंगदाणा आणि चणा एकाच शेंगवर्गातले असल्याने धाकट्याला चणा चालतो की नाही, हे आम्ही आधी डॉक्टरांकडून तपासून घेतलं.) त्यातून पीठ गव्हाचं नसेल तर बांधणारं ग्लुटेनही गेलेलं असतं. म्हणजे अंड्याच्या जागी काय घालायचं हे पीठ कोणतं त्यावर ठरतं. 'अंड्याऐवजी केळं' या एका ओळीत यातलं काहीच येत नाही.

पोषणही घटकाचं कामच आहे. दुधातून प्रथिनं आणि कॅल्शियम मिळतं. त्याच्या जागी तांदळाचं दूध आलं तर रंग तोच दिसतो, पण प्रथिनं जवळपास नसतात आणि वरून घातल्याशिवाय कॅल्शियमही नसतं. वाढत्या वयाच्या मुलीच्या आईला हे कुणीतरी सांगायला हवं. आणि केवळ रक्ताच्या चाचणीत आकडा वाढलेला दिसला म्हणून तो पदार्थ ताटातून काढू नये. अशा चाचणीत ॲलर्जी नसतानाही आकडा वाढलेला येऊ शकतो, निदान डॉक्टरांनीच करायचं असतं.

पहिली ओळ का हवी, तेही सांगते. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'नॉन-डेअरी' आणि मागे डोळ्यांना ताण पडेल अशा बारीक अक्षरांत 'सोडियम कॅसिनेट', अशी कॉफीत घालायची पावडर मी स्वतः हातात धरून वाचली आहे. कॅसिनेट म्हणजे दुधातलंच प्रथिन. युरोपीय महासंघात ॲलर्जी होऊ शकणारे १४ घटक यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात. अमेरिकेत २०२३ पासून तीळ हा नववा घटक म्हणून सक्तीच्या यादीत आला. पण 'अंश असू शकतात' ही सूचना या दोन्ही ठिकाणी ऐच्छिक आहे, म्हणजे ती नसली म्हणून पाकीट निर्धोक ठरत नाही. पाककृतीत 'तयार सॉस दोन चमचे' एवढंच लिहिलं की हा सगळा गुंता त्या दोन चमच्यांत येतो. तिथे 'सॉसमधले घटक वाचून घ्या' एवढं तरी छापा.

आणखी एक विनंती. 'आवडत असल्यास वरून तीळ किंवा दाण्याचा कूट भुरभुरवा' हे वाक्य शेवटी, सहज म्हणून येतं. ते घटकांच्या यादीत वर घ्या. आमच्यासाठी चिमूटभर आणि वाटीभर यांत फरक नसतो. शिजवल्याने ॲलर्जी जाते हाही समज खरा नाही: शेंगदाणे भाजल्यावर उलट जास्त त्रासदायक ठरू शकतात, आणि दुधातलं कॅसिन उकळूनही टिकतं. केकमध्ये भाजलेलं अंडं काही मुलांना सोसतं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पाहायचं, पाहुण्यांच्या आग्रहावर नाही. दाण्याला लागलेला हात सॅनिटायझरने साफ होत नाही, साबण आणि पाणीच लागतं. तळणीचं तेलही तसंच, आधी त्यात काय तळलं होतं ते महत्त्वाचं. आणि श्वास अडकू लागला तर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपचार आहे. खाज कमी करणारी गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही, हे ॲलर्जी असलेल्या मुलाला जेवायला बोलावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

पानावर जागा कमी पडत असेल तर पदार्थाचा फोटो थोडा लहान करावा. निवेदनाच्या चौकटीत सगळं एकदाच छापण्यापेक्षा दर पाककृतीखाली छापलेलं बरं, कारण आम्ही पान जपून ठेवत नाही, पाककृती कापून ठेवतो.

आपली,
एक नियमित वाचक